कृष्णा वर्गाच्या चार क्रूझर

वाचकांचे प्रश्न : समुद्र आणि जहाजं
(उत्तरं देणारे लेखक नौदलातून निवृत्त झालेले स्टोकर (बॉयलर सांभाळणारे नौसैनिक) असून सातारा इथे राहतात.)

प्रश्न : 'हलकी क्रूझर' म्हणजे वजनाने हलकी का? मग पुस्तकात तिचं वजन सात हजार टन कसं दिलेलं असतं?
– निवृत्त मुख्याध्यापक, वाई

गुरुजी, क्रूझर म्हणजे मोठी, वेगवान युद्धनौका. तिचं हलकं-भारी ठरतं ते तोफेवरून. १९३० च्या लंडन करारात क्रूझरचे दोन गट पाडले गेले. तोफेच्या नळीचा आतला व्यास १५५ मिलिमीटरपर्यंत असेल तर हलकी, त्याच्या वर २०३ मिलिमीटरपर्यंत असेल तर भारी. त्यामुळे ब्रिटिशांची 'एक्झेटर' ८,३९० टनांची असूनही भारी क्रूझर ठरली, कारण तिच्यावर ८ इंची (२०३ मिलिमीटर) तोफा होत्या. दहा हजार टनांच्या वर गेलेली 'बेलफास्ट' मात्र ६ इंची (१५२ मिलिमीटर) तोफांमुळे हलकीच राहिली. आपल्या नौदलात 'दिल्ली' आणि 'म्हैसूर' या दोनच क्रूझर होत्या. दोन्हींवर ६ इंची तोफा, म्हणून दोन्ही हलक्या.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी एका काल्पनिक क्रूझर वर्गाचा इतिहास लिहिला आहे. वर्गाचं नाव 'कृष्णा'. जहाजं चार : कृष्णा, कोयना, वारणा, येरळा. १९५२ ते १९५६ मध्ये माझगाव डॉकला बांधली. प्रत्येकीवर ६ इंची बारा तोफा, वेग ३८ नॉट. १९६१ मध्ये चौघी गोव्याला, १९७१ मध्ये चौघींनी कराचीवर तोफा डागल्या. एकही जहाज गमावलं नाही, एकही अपघात नाही. २००५ मध्ये चौघी सन्मानाने निवृत्त. हे खरं वाटेल का?
– विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मनापासून आनंद झाला. आमच्या भागात फौजेत जाणं म्हणजे पायदळ, असंच घरोघरी धरलेलं असतं. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत आपल्याकडे, आणि त्यांचा अभिमान मलाही आहे. पण सांगलीतला एक मुलगा क्रूझरचं स्वप्न बघतो, हे वाचून बरं वाटलं. म्हणूनच तुला नुसतं 'छान आहे' म्हणून वाटेला लावणार नाही.

नावं उत्तम आहेत, नद्यांचीच राहू देत. एकच बदल सुचवतो. नद्यांची नावं द्यायची रीत नौदलात जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या स्लूप, म्हणजे लहान युद्धनौका, होत्या सतलज, जमना, नर्मदा, गोदावरी, कावेरी आणि कृष्णा. फाळणीत नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे गेल्या, कृष्णा आपल्याकडे राहिली. म्हणजे तुझ्या कथेत १९५० च्या दशकात 'कृष्णा' हे नाव आधीच एका जहाजावर आहे. वर्ग म्हणजे एकाच आराखड्याची जहाजं, आणि त्याला पहिल्या जहाजाचं नाव मिळतं. तेव्हा वाटल्यास 'कोयना वर्ग' कर आणि 'कृष्णा'च्या जागी वेण्णा घे. वेण्णा माहुलीला, कोयना कऱ्हाडला, येरळा ब्रह्मनाळला आणि वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. चौघींचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे आपोआप लागतो.

आता बांधणीचं बघू. १९५२ मध्ये मुंबईत क्रूझर बांधणं शक्य नव्हतं. माझगाव डॉक सरकारने घेतली १९६० मध्ये. तिथे बांधलेली पहिली मोठी युद्धनौका 'निलगिरी'. तिचं जलावतरण १९६८ मध्ये झालं आणि ती नौदलात दाखल झाली ३ जून १९७२ रोजी. तीही फ्रिगेट, म्हणजे क्रूझरपेक्षा बरीच लहान. कलकत्त्याच्या गार्डन रीचने १९६१ मध्ये बांधून दिलेली 'अजय' ही तर छोटी गस्ती नौका होती. क्रूझर म्हणजे कवचाचं पोलाद, तोफांच्या नळ्या, तोफांसकट फिरणारे टरेट, म्हणजे तोफांचे बंद बुरूज, आणि टर्बाइन. क्रूझरच्या मापाचं हे सगळं तेव्हा आपल्याकडे होत नव्हतं.

पण यातून वाट निघते, आणि ती इतिहासातच आहे. युद्ध संपल्यावर युरोपात अर्धवट बांधलेल्या क्रूझर गोद्यांमध्ये पडून होत्या. ब्रिटिशांनी 'टायगर', 'लायन' आणि 'ब्लेक' यांचं काम १९४६ मध्ये थांबवलं, ते १९५४ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि तिन्ही पूर्ण व्हायला १९५९ ते १९६१ उजाडलं. हॉलंडच्या दोन क्रूझर १९३९ मध्ये बांधायला घेतल्या होत्या. मध्ये जर्मन आले, युद्ध सरलं, आणि त्या नौदलात दाखल झाल्या १९५३ मध्ये. 'हॉक' नावाच्या ब्रिटिश क्रूझरचं नशीब तर याहून वाईट. तिची यंत्रं तयार होती, तरी सांगाडा स्लिपवेवरच, म्हणजे बांधणीच्या उतारावरच, तोडला.

तुझ्या कथेत भारत सरकार असे चार अर्धवट सांगाडे विकत घेऊ दे. पैसे दोघींपुरतेच पुरतील. १९४९ मध्ये राजपूत, रणजित आणि राणा या विनाशिका आल्या, 'म्हैसूर' १९५४ मध्ये घेतली, पुढे 'विक्रांत' १९६१ मध्ये दाखल झाली. गरीब देशाच्या तिजोरीतून हे चाललं होतं. कोयना आणि वेण्णा पूर्ण होतील. येरळा आणि वारणा रद्द. त्यांचे टर्बाइन, पंप, बॉयलरच्या नळ्या लाकडी खोक्यांत भरून मुंबईला येतील आणि पुढची वीस वर्षं बहिणींना सुटे भाग म्हणून पुरतील. कुठल्याही जहाजवर्गाचा खरा तक्ता उघड, त्यात 'रद्द' असा शेरा दिसतोच. तुझ्या चौघी सुखरूप पार पडल्या, तिथेच जाणत्या वाचकाला शंका येईल.

वेग ३८ नॉट ठेवू नकोस. तू अभियांत्रिकीचा आहेस, गणित करून बघ. 'दिल्ली'च्या वर्गाला ७२,००० अश्वशक्ती होती आणि त्यावर ३२.५ नॉट मिळत. लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. ३८ नॉटला जायचं तर १,१५,००० अश्वशक्तीच्या आसपास हवी. तेवढे बॉयलर, तेवढं तेल आणि वर बारा तोफा त्याच सांगाड्यात बसवणार कुठे? ३२ लिही.

बारा तोफांचंही तसंच. 'म्हैसूर' ही मूळची 'नायजेरिया'. जन्माला आली तेव्हा चार टरेट, प्रत्येकात तीन, म्हणजे बारा तोफा. पुढे एक टरेट उतरवलं आणि नऊ राहिल्या. 'दिल्ली' ही मूळची न्यूझीलंडच्या नौदलातली 'अकिलीस', तिच्यावर चार टरेटमध्ये आठ तोफा. जानेवारी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी बॉम्ब मागच्या बाजूच्या एका टरेटवर पडला, १३ जण गेले. नंतर ते टरेट काढूनच टाकलं. आपल्याकडे १९४८ मध्ये आली तेव्हा सहा तोफा होत्या. तोफा कमी का होतात? विमानविरोधी तोफा, रडार आणि ते चालवणारी माणसं यांना जागा लागते, आणि वजन वर वाढलं की जहाज जास्त कलतं. तुझ्या कोयनेचं एक टरेट १९५० च्या दशकातच उतरव.

'एकही अपघात नाही' हे वाक्य मात्र खोडून टाक. मला सगळ्यात खटकलं ते हेच. 'दिल्ली'च्या वर्गात आणि त्याच्या सुधारित आवृत्तीत मिळून आठ जहाजं होती. त्यातली 'सिडनी' नोव्हेंबर १९४१ मध्ये ६४५ माणसांसह गेली, एकही वाचला नाही. महिन्याभरात 'नेपच्यून' ट्रिपोलीजवळच्या सुरुंगांत सापडली, साडेसातशेहून जास्त माणसांतला एक जण परत आला. 'पर्थ' १ मार्च १९४२ रोजी सुंदा सामुद्रधुनीत बुडाली. 'म्हैसूर'ला ती 'नायजेरिया' असताना ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाच्या वाटेवर इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो बसला, ५२ माणसं गेली. 'अकिलीस' १३ डिसेंबर १९३९ रोजी जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे'समोर उभी राहिली तेव्हा शत्रूच्या तोफा ११ इंची होत्या आणि हिच्या ६ इंची. तिथे तिची चार माणसं पडली. आपल्या नौदलात या जहाजांवर चढलेला प्रत्येक जण या इतिहासात राहत होता. आपण ज्या मेस डेकवर (खलाशांच्या राहण्याच्या मजल्यावर) हॅमॉक बांधतो तिथे आपल्याआधी कोण झोपत होतं, हे 'म्हैसूर'वर नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात जुनी माणसं सांगत.

लढायांबद्दल. १९६१ मध्ये चौघी गोव्याला एकत्र पाठवू नकोस. प्रत्यक्षात 'दिल्ली' दीवला होती आणि तिने किनाऱ्यावर तोफा डागल्या. 'म्हैसूर' 'त्रिशूल'सोबत अंजदीव बेटाकडे गेली, तिथे उतरलेल्या नौसैनिकांतले सात जण मारले गेले. गोव्याच्या बंदरातल्या पोर्तुगीज 'अफोन्सो द अल्बुकर्क'शी बेतवा आणि बियास या फ्रिगेट लढल्या. जहाजं अशीच विखुरलेली असतात.

१९६५ तू सोडूनच दिलंस! त्या सप्टेंबरमध्ये द्वारकेवर तोफा डागणाऱ्या पाकिस्तानी ताफ्यात 'बाबर' होती. तीही हलकी क्रूझरच, मूळची ब्रिटिश 'डायडेम', ५.२५ इंची तोफांची. तुझ्या कथेतली शत्रूची क्रूझर तयारच आहे आणि तू तिला बोलावलं नाहीस. आणि तेव्हा आपली 'विक्रांत' कुठे होती? दुरुस्तीत. तुझी कोयनाही त्या महिन्यात ड्राय डॉकमध्ये उघडी पडलेली असू दे. बॉयलरच्या विटा काढलेल्या, एक टर्बाइन उचललेलं, आणि रेडिओवर द्वारकेची बातमी. असं जहाज आठ-पंधरा दिवसांत समुद्रावर नेता येत नाही, कितीही पोटतिडीक असली तरी. तिच्यावरच्या माणसांना काय वाटलं असेल ते लिही. तुझ्या कथेतलं सगळ्यात जिवंत पान ते होईल.

१९७१ मध्ये क्रूझरने कराचीवर तोफा डागणं पटणार नाही. ६ इंची तोफेचा पल्ला साधारण २३ किलोमीटर. निपात, निर्घात आणि वीर या नौकांवर जी क्षेपणास्त्रं होती त्यांचा पल्ला ४० च्या घरातला. ४ डिसेंबरच्या रात्री चाळीसेक मीटर लांबीच्या या नौकांनी जे काम केलं, ते करायला ५५५ फुटांची क्रूझर किनाऱ्याच्या तोफांखाली नेणारा सेनापती वेडाच ठरला असता. 'म्हैसूर' त्या युद्धात पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती, रिअर ॲडमिरल कुरुविला तिच्यावरून ताफा हाकत होते. ध्वजनौका म्हणजे संदेश, नकाशे, जागरण आणि सगळ्या ताफ्याची जबाबदारी. हे काम तोफा डागण्याहून कमी मानू नकोस.

आता इंजिनरूम. तुझ्या आठ पानांत बॉयलर हा शब्द एकदाही नाही. 'म्हैसूर'च्या शेवटच्या वर्षांत, कॅडेटांच्या प्रशिक्षणासाठी ती वापरली जात असताना, मी तिच्या बॉयलर रूममध्ये होतो. जहाजाचं म्हातारपण कळतं ते तिथे. वाफ टर्बाइनमधून गेली की कंडेन्सरमध्ये येते. तिथे हजारो बारीक नळ्यांतून समुद्राचं गार पाणी फिरत असतं. नळ्यांबाहेर वाफेचं पाणी होतं आणि तेच पुन्हा बॉयलरला जातं. एखादी नळी कुजली की खारं पाणी या गोड्या पाण्यात शिरतं. म्हणून प्रत्येक वॉचला, म्हणजे पाळीला, नमुना काढायचा, परीक्षानळी दिव्यासमोर धरायची आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडायचे. पाणी नितळ राहिलं तर पुढचं काम. दुधाळ झालं की चीफला, म्हणजे आमच्या मुख्याला, हाक. मीठ बॉयलरमध्ये गेलं तर नळ्यांवर थर बसतो, नळी तापून फुगते आणि फुटते, आणि बॉयलरची नळी फुटणं म्हणजे समोरचा माणूस गेला.

मग तो कंडेन्सर बंद करायचा, वेग कमी करायचा, वरून ब्रिजवरचे, म्हणजे जहाज हाकणारे, अधिकारी विचारत राहणार किती वेळ लागेल. झाकण उघडून माणूस आत शिरतो. आत गुडघे टेकायलाही धड जागा नसते, शेवाळ, शिंपल्या आणि उकाडा. पेटती मेणबत्ती नळ्यांच्या तोंडांवरून सावकाश फिरवत न्यायची. पलीकडे निर्वात असल्याने फुटक्या नळीच्या तोंडाशी ज्योत आत ओढली जाते. सापडली की दोन्ही टोकांना बूच ठोकायचं. बूच ठोकलेली नळी कायमची गेली. दरवर्षी अशा नळ्या वाढत जातात आणि वेग उतरत जातो, मोठ्या रिफिटमध्ये (दुरुस्तीत) नव्या नळ्या पडेपर्यंत. आमच्या चीफकडे बुचांचा हिशेब असलेली तेलकट वही होती. जहाजाचा खरा सेवा-इतिहास वाचायचा असेल तर मी आधी अशी वही मागेन आणि मग लढायांची यादी. तुझ्या कोयनेच्या चीफलाही एक वही दे, आणि तिच्यातली दोन-तीन पानं जशीच्या तशी कथेत घाल.

निवृत्ती २००५ ला ठेवायची की नाही, हे त्या वहीवर अवलंबून आहे. 'दिल्ली' ३० जून १९७८ ला गेली, 'म्हैसूर' ऑगस्ट १९८५ मध्ये. पण वर सांगितलेल्या डच क्रूझरपैकी एक, 'डी रॉयटर', पेरूने घेतली आणि 'अल्मिरांते ग्राऊ' या नावाने २०१७ पर्यंत चालवली. त्यासाठी रडार, क्षेपणास्त्रं, सगळं नवं बसवावं लागलं. तुला वेण्णा इतकी जगवायची असेल तर तो खर्च कुणी आणि का केला, हे लिहावं लागेल. मी असतो तर कोयना १९७९ मध्ये मोडीत काढली असती आणि तिचे भाग वेण्णेला घातले असते. दुसरा मसुदा झाला की संपादकांमार्फत पाठव. मी वाट बघतोय.

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत एका युद्धनौकेचा फोटो सापडला. ते नौदलात होते एवढंच माहीत आहे. घरातले काही जण 'दिल्ली' म्हणतात, काही 'म्हैसूर'. कसं ओळखायचं?
– गृहिणी, कऱ्हाड

ताई, आधी धुरांडी मोजा. एकच रुंद धुरांडं असेल तर 'दिल्ली', दोन सरळ उभी असतील तर 'म्हैसूर'. मग पुढच्या टरेटकडे बघा. दोन-दोन नळ्या 'दिल्ली'च्या, तीन-तीन 'म्हैसूर'च्या. सासऱ्यांचा गणवेशातला फोटो असेल तर टोपीच्या पट्टीवरची अक्षरं भिंगाने वाचा. 'एचएमआयएस' ('हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', म्हणजे राजाचं जहाज) असेल तर फोटो २६ जानेवारी १९५० पूर्वीचा, म्हणजे 'म्हैसूर' असूच शकत नाही. ती आपल्या नौदलात दाखल झाली २९ ऑगस्ट १९५७ रोजी.

नोकरीची नोंद हवी असेल तर त्यांचं सेवापुस्तक किंवा पेन्शनचा कागद शोधा. त्यावर वैयक्तिक क्रमांक असतो. तो घेऊन आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते मुंबईला मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे पत्र कसं लिहायचं ते सांगतील. सासूबाई असतील तर त्यांना बंदरांची नावं विचारा. 'दिल्ली' १९५३ मध्ये इंग्लंडला राणीच्या राज्याभिषेकाच्या नौदल संचलनाला गेली होती आणि १९६९ मध्ये न्यूझीलंडला, आपल्या जुन्या घरी. त्यातलं एखादं नाव त्यांच्या तोंडून आलं तर शोध पुष्कळ सोपा होईल. आणि फोटो ट्रंकेत ठेवू नका, कऱ्हाडच्या पावसाळ्यात बुरशी धरेल. स्टुडिओत नेऊन आधी प्रत काढून घ्या.

प्रश्न : शाळेच्या सहलीत मुलांना खरी क्रूझर दाखवता येईल का?
– शिक्षिका, मिरज

बाई, भारतात एकही उरलेली नाही. आपल्या दोन्ही मोडीत गेल्या. 'दिल्ली'चं एक टरेट आपल्या सरकारने न्यूझीलंडला भेट दिलं, ते ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर उभं आहे. 'बेलफास्ट' लंडनला थेम्स नदीत आहे. नावं मात्र चालू आहेत. माझगाव डॉकने बांधलेल्या नव्या 'दिल्ली' (१९९७) आणि 'म्हैसूर' (१९९९) या विनाशिका आहेत.

मुलांना आतून युद्धजहाज दाखवायचं तर विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी समुद्रकिनाऱ्यावर वाळूत ठेवली आहे, २००२ पासून तिचं संग्रहालय झालं आहे. दारं गोल आणि अरुंद आहेत, तेव्हा लहान गट करून पाठवा. तिथे माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. मुलांना सांगा, टॉर्पेडो बघून झाले की त्यांना इंजिनाबद्दल विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत हलू नका.